साध्या सकाळचा आवाज

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली असल्यामुळे मनातल्या मनात घातलेला, तेवढा गोड मानून घे). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं सकाळचं फिरणं चालू आहे, की अजून नुसते बूट घालून पेपर वाचत बसतात? इकडे सर्व क्षेम. फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात आलंच असेल. फोनवर तू पहिल्याच वाक्याला विचारतेस, तुझा आवाज असा का येतोय, आणि मग मी माझाच आवाज ऐकत बसतो आणि बोलायचं राहून जातं. पत्राला ती भानगड नाही. (अक्षर वाकडं दिसलं तर पेन वाईट आहे.) आधीच एक गोष्ट स्पष्ट सांगतो, मला काहीही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे. हे सांगायचं कारण, काल एका सव्वीस वर्षांच्या मुलीने मला डॉक्टरकडे जा म्हणून सुचवलं, चार माणसांत नाही, पण एका माणसादेखत. आणि डॉक्टर तापखोकल्याचा नव्हे, मनाचा. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. तिचं म्हणणं खरं निघालं तर काय, एवढाच काय तो प्रश्न आहे.

ही मुलगी म्हणजे आमची दिग्दर्शिका. तुला माहीतच आहे, गेली तीस वर्षं मी सिनेमांना आवाज पुरवतो. दार वाजलं, पाऊल वाजलं, कुणी कुणाच्या थोबाडीत दिली (ती मी स्वतःच्या मांडीवर देतो). हल्ली मोठी कामं तरुण मंडळींकडे जातात आणि माझ्याकडे लघुपट येतात. हा चौदा मिनिटांचा. एक कारकून आहे, त्याच्या मनाला आजार जडतो आणि शेवटी त्याला घराचा उंबरठाही ओलांडवत नाही. गोष्ट संपली. पण बाईसाहेबांची (मनात मी तिला बाईसाहेब म्हणतो, तोंडावर नुसतं 'बरं') अट अशी, की आजाराचं नाव कुणी घ्यायचं नाही, कुणी रडून सांगायचं नाही, डॉक्टरने चष्मा काढून समजावायचं नाही. बघणाऱ्याला तो आजार खुर्चीत बसल्या बसल्या झाला पाहिजे. म्हणून रोज शूटिंगच्या आधी त्या खोलीतलं कपाट वीतभर पुढे सरकवायचं. बघताना ध्यानात येत नाही, पण खोली आवळत जाते. कॅमेरा आधी स्थिर, मग हातात घेतलेला, धरणाऱ्याच्या श्वासाबरोबर हलणारा. चेहरा इतक्या जवळून, की कपाळच कापलं जातं. आमचा एडिटर, ज्याला सगळे कात्री म्हणतात, तो समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तोडतो, म्हणजे त्या बिचाऱ्याला कुणाचंच धड ऐकू येत नाही हे न सांगता कळतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला दरदरून घाम फुटला. (एसी बंद होता.)

आता आवाज. मी पडलो जुना माणूस. माझ्याकडे अशा प्रसंगांसाठी तयार डबा आहे, त्यात 'वेड, साधं' आणि 'वेड, गडगडाटासह' अशा दोन टेपा. त्यांच्यावर तीस वर्षं निभावलं. नटाने केस पिंजारले, वीज कडाडली, व्हायोलिन चिरकलं, की लोक काय ते समजून घ्यायचे. बाईसाहेबांनी दोन्ही शांतपणे ऐकल्या आणि म्हणाल्या, "काका, आपल्याला वेडा दाखवायचा नाहीये. एक सकाळ हळूहळू बिघडत जाताना ऐकवायची आहे." आधी पहिला प्रसंग करा म्हणाल्या. माणूस अजून ठीक आहे, घरातली साधी सकाळ, तीस सेकंद. आता मला सांग, बावन्न वर्षांत मी साध्या सकाळी काय कमी पाहिल्यात? घरी येऊन दोन दिवस खपलो आणि असते तशी सकाळ बनवली. फ्रिजची घरघर. ती मधेच थांबते तेव्हाची शांतता, आणि त्या शांततेत कानात ठणकणारं आपलंच काळीज. वर येणारी लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबते की काय ते. गॅसचं बटण बंद आहे ना, म्हणून तीनदा फिरवून पाहिल्याची टकटक. शेजारच्या घरात पडलेला चमचा, जो आपल्याच डोक्यात पडतो. आणि स्वयंपाकघरातून बायको काहीतरी बोलते ते, भिंतीपलीकडून आल्यासारखं, एकही शब्द न लागणारं. म्हणजे रोजचंच.

स्टुडिओत नेऊन ऐकवलं. आमची ती खोली तू पाहिलेली नाहीस. भिंतींना फोम, खिडकी नाही, तिघं बसले की चौथ्याने श्वास घ्यायला बाहेर जावं. तीस सेकंद संपले. कात्रीने चष्मा काढला. बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी. "काका, हेच! शेवटच्या प्रसंगाला मला हेच हवं होतं! कुठून आणलंत हे?" मी इतका खूश झालो म्हणून सांगू, सगळ्यांना चहा मागवला. चार मिनिटं टिकलं ते सुख. मग ती म्हणाली, आता पहिल्या प्रसंगाचं लावा. मी म्हटलं, हेच पहिल्या प्रसंगाचं. तिला वाटलं थट्टा करतोय. हसली, मग हसायची थांबली आणि हळूच म्हणाली, "काका, तुम्हाला सकाळ अशी ऐकू येते?" मी म्हटलं, "मग तुला कशी येते?" ताई, तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. कात्रीकडे वळलो, तुला रे? तो म्हणाला, मला सकाळी काही ऐकूबिकू येत नाही, चहा होतो, मी पितो. काही ऐकू येत नाही! लोकांना सकाळी काही ऐकू येत नाही, ही गोष्ट बावन्न वर्षं माझ्यापासून लपवून का ठेवली, हे मला कुणी सांगेल का?

घरी येईपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होतो. सावधपणा आपल्या रक्तातच आहे, हे तूही मान्य करशील. बाबा कुलूप लावायचे, ओढून पाहायचे, वळणापर्यंत जाऊन परत यायचे आणि पुन्हा ओढायचे. आपण दोघं दप्तरं पाठीला लावून उन्हात उभी, शाळेला रोज उशीर. त्याला कुणी आजार म्हटलं नाही, शिस्त म्हटलं. आई तर कौतुकाने सांगायची, यांच्यामुळे आपल्याकडे कधी चोरी झाली नाही. (चोरण्यासारखं होतं काय, हा प्रश्न वेगळा.) मला आपलं वाटलं, घरोघरी हेच चालत असणार.

पण काम तर पुरं करायला हवं. येत्या शुक्रवारपर्यंत साधी सकाळ मिळाली नाही तर दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ, असं बाईसाहेबांनी (अगदी प्रेमाने) सांगितलं. माझा माझ्याच कानांवर भरवसा उरला नव्हता, म्हणून मी लोकांच्या सकाळी चोरायला निघालो. खालच्या मजल्यावरचे रिटायर हेडमास्तर म्हणजे खणखणीत प्रकृती. त्यांच्या दाराशी माईक लावून वाकलो होतो, तेवढ्यात दार उघडलं. काही सुचेना, माईक तसाच त्यांच्या तोंडापुढे धरला आणि विचारलं, "आज कसं वाटतंय?" मास्तर पंचवीस मिनिटं बोलले. सगळं पोटाबद्दल. त्यातला एक सेकंदही निरोगी नव्हता.

शेवटी आमच्याच स्वयंपाकघरात डब्यांमागे रेकॉर्डर लपवला आणि बाहेर पडलो. तुझ्या भावजयीने तो अकरा मिनिटांत हुडकला आणि 'पाळत ठेवता होय माझ्यावर?' म्हणून दीड दिवस अबोला धरला. पण त्या अकरा मिनिटांत काय होतं सांगू? ती गुणगुणत होती. भांडी लावताना, भाजी चिरताना, सगळा वेळ, छान चालीत. फ्रिजही होता, पण कान देऊन शोधावा लागला. अबोला सुटल्यावर मी विचारलं, तू कधीपासून गुणगुणतेस? म्हणाली, लग्नाच्या आधीपासून. चोवीस वर्षं एका घरात राहून मी फ्रिज ऐकत बसलो, ताई. मला फार म्हणजे फार वाईट वाटलं. बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. (नळ नीट बंद केला. तीनदा पाहिला.)

ते गुणगुणणं घेऊन काल मिक्सिंगला बसलो. काहीच करायचं नव्हतं, जसं आहे तसं लावायचं. पण माझा हात आपोआप जातो आणि फ्रिजचा आवाज वर चढवतो. खाली आणला की छातीत धस्स होतं, आपण काहीतरी ऐकायचं चुकणार आणि त्यातच घात होणार. सात वेळा केलं. सातव्यांदा कात्री म्हणाला, "काका, फ्रिज परत आला." तेव्हा बाईसाहेबांनी कागदाच्या चिठोऱ्यावर नंबर लिहून माझ्या हातात दिला. म्हणाली, माझी आई इथेच बरी झाली, हा सिनेमा तिचाच आहे, तुम्हीही एकदा जाऊन या. मला राग आला. चिठ्ठी खिशात टाकली, खिशातून ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरमधून परत खिशात. राग अजून आहे.

तर काळजीचं काही कारण नाही. कामाचा थोडा ताण, बाकी भूक आणि झोप उत्तम. भाऊजींना नमस्कार आणि बूट घातलेच आहेत तर चार पावलं टाका म्हणावं. लोभ आहेच, तो जरा जास्त असू दे.

तुझा,
ठणठणीत धाकटा

ता. क. वर 'झोप उत्तम' लिहिलंय ते खोडायचं राहिलं.

ता. क. २. येत्या गुरुवारी इकडे येऊ शकशील का? तुझ्या भावजयीला सांगून ठेवलंय, की ताईचे डोळे तपासायचे आहेत. तेवढं सांभाळून घे.

ता. क. ३. डोळ्यांचं खोटं आहे. चिठ्ठीवरच्या नंबरवर आज सकाळी फोन केला. तिथल्या बाईंनी पेशंटचं नाव विचारलं आणि माझी अशी भंबेरी उडाली, की मी तुझं नाव सांगितलं. मग वयही तुझंच सांगणं भाग पडलं (खरं सांगितलं, माफ कर). त्या पुढे विचारत गेल्या, ताईंची झोप उडाली आहे का, छाती धडधडते का, बंद केलेलं दार परत परत पाहतात का, घरच्यांचं बोलणं दुरून आल्यासारखं वाटतं का. मी प्रत्येकाला हो म्हणत गेलो. ताई, तुझी अवस्था फार वाईट आहे. बोलता बोलता मला हुंदका आला, तर त्याच मला धीर द्यायला लागल्या. बहिणीची एवढी काळजी करू नका, हे पुष्कळांना होतं, यावर औषध आहे, त्या नक्की बऱ्या होतील. असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. गुरुवारी अकराची वेळ दिली आहे.

ता. क. ४. सोबत घरचं माणूस हवं म्हणतात. हिला सांगेन, पण आधी तुला सांगितलं. ये. नाव तुझं पुकारतील, पण तू उठू नकोस. मी उठतो.