नळ्यांचं पीक
आबा, आज लॅबमध्ये माझा स्विच पहिल्यांदा बंद झाला. चालू तो कधीचाच होत होता, बंद तेवढा होत नव्हता, आणि बंद न होणाऱ्या स्विचला कुत्रं विचारत नाही. पडद्यावरची रेघ सरळ खाली आली तेव्हा खोलीत मी एकटीच. शेजारच्या टेबलावरचे सर जेवून आले, त्यांना दाखवलं, तर म्हणाले, छान, आता पेपर लिहून टाका. त्यांचंही बरोबर आहे. पण मला हे तुम्हालाच सांगायचं होतं, आणि दुपारभर त्याचंच वाईट वाटत राहिलं.

लहानपणी शिरपूरकडच्या आपल्या शेतात कपाशी लावली की दुसऱ्याच सकाळी मी बोटानं माती उकरून बघायची. तुम्ही हात धरलात. "बी उकरीसन देखानं नही. ते लाजस." मी दिवसभर फुगून बसले होते.

मग तुम्ही डोळे दाखवायला जळगावला आलात, तेव्हा मी तुम्हाला लॅबमध्ये नेलं. तुम्ही टोपी मांडीवर घेऊन भट्टीसमोर स्टुलावर बसला आहात. मी सांगतेय की आत नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर लोखंडाचे बारीक कण आहेत, वरून वायू सोडलाय, आणि त्या कणांवर कार्बनच्या नळ्या उगवतायत, केसाहून हजारो पटींनी बारीक. पुढे त्यांचे फोनमधले स्विच करायचे. तुम्ही उगवण्याचं तेवढं ऐकलंत आणि गुडघ्याला बाशिंग बांधून तयार: "उघाड ना, देखू दे." मी म्हटलं, आबा, उकरीसन देखानं नही. तुम्ही इतके हसलात की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. तुकडा बाहेर काढला तर वर नुसता काळा थर. तो तुम्ही उजेडाकडे धरून पाहिलात आणि विचारलंत, बठ्ठ्या सारख्या येतात का? मी म्हटलं, नाही, सगळ्या सारख्या नसतात, काही धातूसारख्या निघतात, त्यांच्यातून वीज वाहतच राहते, त्या शोधून जाळाव्या लागतात. "म्हंजे विरळणी," तुम्ही म्हणालात आणि चहा मागितलात. आबा, ती विरळणी आज जमली. एवढंच झालंय.

गावी परतून तुम्ही पारावर सगळ्यांना सांगितलंत, "मनी पोर जळगावले नळ्या बनाडस." आता जळगाव आणि नळ्या म्हटल्यावर आपल्याकडे दुसरं काय कुणाच्या डोक्यात येणार? गावानं मला ठिबक सिंचनाच्या नळ्यांच्या कारखान्यात लावून टाकलं. तुमचा गैरसमज काढण्यात अर्थ नव्हता, तुमचा तो नव्हताच. गावाचा काढीन म्हणत होते, तर त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. दहाव्याला आलेल्या शेजारच्या नानांनी नळ्यांचा भाव विचारला.

अजूनही गावी गेले की शेतातल्या खारी ठिबकच्या नळ्या कुरतडतात अशी तक्रार कुणीतरी माझ्याकडे करतंच. तुमचं नाव आता एरवी कुणी काढत नाही. नळ्यांचा विषय निघाला की मात्र म्हणतात, आबा सांगे ना, पोर नळ्या बनाडस.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. गेल्या खेपेला नानांनी खारींचं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, कंपनीत सांगते. खरं सांगितलं तर तुमचं नाव निघायचं तेही थांबेल, आणि ते मला सोसायचं नाही.