तरंगत्या ढगांना केवडा

ती. नम्रतावन्संना,

वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, गच्ची आणि स्वभाव ठीक असतीलच. (तिन्हींची चौकशी तुमच्या बंधूंनी करायला सांगितली आहे. क्रमही त्यांचाच.)

प्रथम एक गंभीर तक्रार. या घरात सकाळच्या चहासाठी ओसरीचा सावलीतला कोपरा माझा होता. फेब्रुवारीत तुम्ही हिमाचलातून आणलेला जपानी मेपल 'बावधनच्या गच्चीवर करपेल, दिवाळीपर्यंत सांभाळ, मग घेऊन जाते' असं सांगून तिथे बसवलात. तेव्हापासून मी न्हाणीच्या दाराशी उभी राहून चहा पिते. तोही गार, कारण आधी मेपलाचं पाणी होतं.

त्याचं कूळ तुम्हीच सांगितलंत. जपानात कुणा माळ्याला मेपलांच्या हिरव्या गर्दीत एखादं चुकार रोप नाहीतर फांदी दिसते, पानांवर पांढरे-गुलाबी शिंतोडे उडालेली. ती चूक तो कलमं बांधून जपतो, वर तिला नाव देतो. आपल्याचं नाव उकिगुमो, म्हणजे तरंगते ढग. (पावसाळाभर ढगातच राहणाऱ्या मुळशीकरांना ढग विकत आणून दिलेत, आभारी आहे.) हिरवा फुटवा दिसला की कापायचा, नाहीतर तो जोमाने वाढून पांढऱ्याला गिळतो, ही तुमची सूचना मी निष्ठेने पाळली.

तिथेच घात झाला. कुंपणापलीकडे चंद्राबाईंची भेंडी आहे. भेंडीची पानं अशी चितरली की तो केवडा रोग, झाड उपटून जाळायचं, हे त्या लग्न होऊन आल्यापासून करत आल्या आहेत. त्यांनी मला धडधाकट फुटवे छाटून रोगट जपताना पाहिलं. 'ताई, ह्याला केवडा पडलाय, माज्या भेंडीला लागंल,' म्हणाल्या. मी जपानचा इतिहास सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून विचारलं, 'मंग तितं भेंडी खात न्हाईत व्हय?'

ऑगस्टात आम्ही बारशाला सोलापूरला गेलो. परत येते तो मेपलावर एकही पांढरं पान नाही. चंद्राबाईंनी शेजारधर्म म्हणून वेचून वेचून खुडली होती. 'उपटनारच हुते, पन तुमचा लई जीव हाय त्याच्यावर, म्हनून नुसतं खुडलं.' मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. त्या जे बोलल्या त्यातलं निम्मं मला अजून समजलेलं नाही. बोलणं बंद झालं. उरलेले हिरवे फुटवे मी रागाने कापले आणि कुंडीत काड्या राहिल्या.

आणि वन्सं, गणपती उठले तशी त्या काड्यांना पालवी फुटली! उन्हाने करपलेल्या जुन्या कडा नाहीत, पावसाचे डाग नाहीत; कोरी, दुधाळ, कडेला गुलाबी. बावधनच्या झाडांच्या प्रदर्शनात काय झालं ते तुम्ही पाहिलंतच, तरी पुन्हा लिहिते: पहिला नंबर, पितळी झारी, टाळ्या. (तुमच्या बोन्सायला उत्तेजनार्थ मिळालं, हे मी मुद्दाम लिहीत नाही.) नवी पालवी यावी म्हणून सगळी पानं उतरवण्याचं धाडस कुणाचं, असं परीक्षकांनी विचारलं, तेव्हा मी विनयाने मान खाली घातली. तुमचे बंधू फोटोत मधोमध आहेत.

बाकी सर्व कुशल.

तुमची,
अनसूया

ता. क. दिवाळीला फराळाला या, पण मेपल न्यायला येऊ नका. तो इथे रुळलाय. कोपऱ्याची गैरसोय मी सोसेन.

आणखी एक. झारी तुम्हाला शोकेसमध्ये हवी होती, ती मिळणार नाही. काल चंद्राबाई पौडला बाजाराला गेल्या होत्या, तेव्हा मी ती भरून त्यांच्या वाफ्याशी ठेवून आले. आज सकाळी त्या त्याच झारीने भेंडीची नवी रोपं शिंपत होत्या.