घंटीची पिन

प्रिय रुचू,

तुझं कुरिअर मिळालं. बाबांची घंटी आणि चिठ्ठी. चिप दोनदा बदललीस, पुण्यात शंभरदा बंद-चालू करून पाहिलीस, दर वेळी वाजते. मग त्याच दिवशी का नाही वाजली, हे तुला वर्षभर छळतंय. आणि खाली, राजीनामा दिला, माझ्या हातचं कुणाच्या घरात नको.

अर्धांगाने बाबांची वाचा गेली तेव्हा तू ती बनवलीस. बटण त्यांच्या डाव्या हाताशी, भोंगा घरामागच्या यंत्रमागाच्या कारखान्यात माझ्या डोक्यावर, बारा लूमच्या खडखडाटातही ऐकू येईल असा. पहिल्या आठवड्यात त्यांनी चहासाठीच ती इतकी वाजवली की मी तणतणले, आता तुम्हाला कलेक्टरसाहेब म्हणायचं का. ते अर्ध्या ओठाने हसले. लडकू कारीगर तर भोंगा वाजला की लूमवरूनच ओरडायचा, भाभी, साहब बुला रहे हैं.

लावताना तू मला शेजारी बसवून समजावलं होतंस. चिप सुरू होताना तिला पुरतं व्होल्टेज लागतं. नेमकं तेव्हाच ते खाली गेलं तर ती अर्धवट सुरू होऊन अडकते. दिवा लागतो, पण बटण दाबलेलं तिला कळत नाही. पुढच्या खेपेला त्याची सोय करते म्हणालीस. तोवर पिन घरातल्याच सॉकेटला, कारखान्याच्या लाइनवर न्हाय म्हंजे न्हाय, अगदी आजीच्या आवाजात.

त्या दिवशी उकाडा फार होता. बाबांचा पंखा कारखान्याच्या लाइनवर होता, लूम सुरू झाले की मंदावायचा. त्यांच्या कपाळावरचा घाम बघवेना. पलंगाशी घरचं सॉकेट एकच. मी पंख्याची पिन तिथे लावली आणि घंटीची कारखान्याच्या लाइनवर. त्या लाइनवर पंखा दमतो, हे मला रोज दिसत होतं. घंटीचं मनात आलं नाही.

एकला लाइट गेली. आपल्याकडे कारीगर लूमचं बटण बंद करत नाहीत, शिफ्ट भरायची घाई. दीडला लाइट आली आणि बाराही लूम एकदम उठले. मी डोकावून पाहिलं, घंटीचा दिवा लागला होता. बाबा झोपले होते. मी कामाला गेले.

चारला चहा घेऊन आले. पंखा छान फिरत होता. त्यांचा अंगठा बटणावर होता.

तू पुण्याहून पोचायच्या आधी मी पिना बदलल्या. माणसं येणार, आवरून ठेवू, असं स्वतःला सांगितलं. तू विचारलंस, आई, पिन कुठे होती. मी म्हणाले, तू लावलीस तिथेच.

काल तू पाठवलेली घंटी मी कारखान्याच्या लाइनवर लावली आणि लडकूला मेन स्विच पाडून पुन्हा चढवायला सांगितला. लूम उठले. दिवा लागला. मी बटण दाबलं, दाबून धरलं. काही नाही. मग घरच्या सॉकेटला लावली. वाजली. लडकूने एकेक लूम बंद केला आणि टोपी काढून उभा राहिला.

फोनवर सांगितलं असतं तर तू असू दे गं आई म्हणाली असतीस, आणि मी ते लगेच घेतलं असतं. म्हणून लिहिलं. आता चिपा बदलू नकोस. राजीनामा मागे घे. तुझी घंटी चांगली होती, रुचू. पिन मी बदलली.

बोलली नाहीस तरी तुझीच,
आई