सिंहाच्या आत

आई,

तुला इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणाची आबाळ नाही. तुझा गुडघा काय म्हणतो?

आमच्या मिशनरी शाळेच्या बिल्ल्यावर क्रूस आहे आणि त्याखाली सिंह. सामन्याच्या दिवशी कुणीतरी सिंहाचा पोशाख घालून मैदानात नाचतं. आत कोण आहे ते फोडायचं नाही, अशी इथली रीत. परवा नेहमीचा सिंह तापाने फणफणला. मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या, "बाई, तुमच्या मापाचा आहे, घाला."

घातला. घामाने निथळत होते, पण मुलं येऊन बिलगली, शिपाईमामांनी पाठ थोपटली, आणि एरवी मान वर न करणाऱ्या विज्ञानाच्या बाईंनी तर मिठीच मारली. इथे आल्यापासून मला कुणी जवळ घेतलं नव्हतं गं. आतल्या आत रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या बाई नेहमीसारख्या शेजारून निघून गेल्या.

सिंह आता बरा झालाय. पण मी सिस्टरना म्हटलं, "त्यांना आराम करू द्या, पुढच्या वेळीही मीच सिंह होईन."

बाबांना एवढंच सांग, पोरगी शाळेत रुळली.

तुझीच,
धाकटी