पांड्याची तीन गिअरची सायकल

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. सकाळी ८

शोध लागला!

आमच्या वाडीत चिकू उतरवायला येणारा पांड्या रोज सायकल विहिरीपाशी लावतो. नऊ वर्षं बघतोय, पण नजर आज पडली. गंजलेला सांगाडा, सीटवर गोणपाट. पण चेनच्या चक्रात माणसाच्या हाताचा पंजा कापलेला! हा पंजा फक्त रज-व्हिटवर्थ या इंग्रज कंपनीचा. मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला गोळा, थुंकी लावून पुसला. स्टर्मी-आर्चर, तीन गिअर, खाली आकडे ५५ आणि ६. म्हणजे जून १९५५. मी एकूण चौदा व्हिडिओ पाहिलेत, त्यामुळे या विषयात आता मला कोणाला विचारावं लागत नाही.

पांड्याला म्हटलं, ही इंग्लंडची आहे. तो म्हणाला, नाय शेठ, बाची हाये. त्याचा बाप चिमण एका इराणी शेठकडे कामाला होता. शेठ मुंबईला कायमचा गेला तेव्हा सायकल चिमणला देऊन गेला.

रात्री. ठरलं. सायकल कारखान्यातून निघाली तशी करायची. मुदत पंधरा दिवस. खर्च सगळा माझा. जानेवारीत मुंबईत जुन्या सायकलींचं प्रदर्शन आहे, तिथे मांडायची आणि मग पांड्याला परत. ऐकून तो डोकं खाजवत उभा राहिला. भारावला असणार. मग घरी चालत गेला. त्याचा पाडा तलासरीच्या रस्त्याला, नऊ किलोमीटर. रंभा म्हणाली, अहो, उद्या तो येणार कसा? बायकांना दूरदृष्टी नसते.

५ नोव्हेंबर

पांड्या आठला उगवला. एरवी साडेसहाला येतो. ऐन हंगामात ही ढिलाई! कडक शब्दांत समज दिली.

७ नोव्हेंबर

हबमधून एक बारीक साखळी बाहेर येते. तिला गिअरची केबल लागते. पांड्याच्या बापाने ती ताणून तारेने करकचून बांधली होती. शुद्ध अडाणीपणा. कापून टाकली.

पांड्या म्हणाला, तार बानं बांधलीली, तारेबिगर चढाला पाय फाटतात. मी त्याला गिअरचं शास्त्र वीस मिनिटं समजावलं. तो म्हणाला, बरं शेठ. पटलं त्याला.

पांड्या आज सव्वाआठला.

११ नोव्हेंबर

पंजा घासून लख्ख केला. निवडणुकीचे दिवस आहेत, येणारा-जाणारा थांबून बघतो. पांड्या म्हणाला, बा लाल बावट्यावाला, मोर्च्याला जाताना पंजावर लाल फडकं बांधायचा. इंग्रजांच्या कारागिरीची ही कदर.

१५ नोव्हेंबर

हँडलवर गिअर बदलायचा नवा ट्रिगर बसवला. दुपारी चाचणी. पहिला गिअर उत्तम. दुसरा उत्तम. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मध्ये एक मोकळा टप्पा असतो, तिथे केबल अडकली तर पायडल नुसतंच फिरतं. अडकली. मी उभा राहून जोर लावत होतो. पुढचं लिहीत नाही. एवढंच की सायकलला दांडी असते.

रंभाने बर्फ आणून दिला. तोंडाला पदर लावून आत गेली.

निष्कर्ष: दोष माझा नाही. हब उघडावा लागेल.

१८ नोव्हेंबर

मुदत आज संपली. पण दर्जाच्या कामाला मुदत नसते.

हब उघडला. आत छोटी चाकं, छर्रे आणि केसासारख्या बारीक स्प्रिंगा. त्यातली एक टुणकन उडाली आणि चिकूच्या पाल्यात गेली. मी, रंभा आणि पांड्या दीड तास ओणवे. सापडली नाही. त्या नादात आज तीन क्रेट कमी भरले. पांड्याला कामाची टाळाटाळ करायला निमित्तच लागतं.

स्प्रिंग इंग्लंडहून मागवली.

२ डिसेंबर

स्प्रिंग कस्टममध्ये. तोवर रंगकाम. जुना रंग, सोनेरी रेघा, कंपनीचा छाप, सगळं पॉलिश पेपरने घासून काढलं. नवी सायकल म्हटल्यावर जुनं कशाला ठेवायचं?

सीटखालच्या नळीवर कानशीने पाडलेल्या खाचा होत्या. मोजल्या, एकतीस. कंपनीच्या खुणा असतील म्हणून नेटवर दोन तास शोधलं, कुठेच नाहीत. म्हणजे कोणीतरी केलेली खराबी. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून सपाट केल्या, वर काळ्या रंगाचे तीन हात. आता नळीत तोंड दिसतं.

४ डिसेंबर

पांड्याला सायकल दाखवली. वाटलं, नाचेल. त्याने नळीवरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. विचारलं, खुणा कुठं गेल्या?

दर दिवाळीत वाघबारशीला वाघदेवाला नारळ फोडून आल्यावर एक खाच पाडायची, असं त्यांच्या घरात होतं. बावीस बाच्या, नऊ माझ्या, म्हणाला.

मी म्हटलं, त्यात काय, कानस आहे, परत पाडून देतो. तो म्हणाला, राहू दे शेठ.

जेवण गेलं नाही. मला लागलं हे खरं. पण त्याने आधी सांगायला नको? मी विचारलं नसेल, तरी माणसाने आपण होऊन सांगावं.

१५ डिसेंबर

पांड्या चार दिवस आला नाही. चिकू झाडावरच पिकतायत, रात्री वटवाघळांची चंगळ. दुसरा माणूस मिळत नाही. मी स्वतः शिडी लावली आणि चौथ्या पायरीवर कंबर धरली.

दुपारी रंभाने सांगितलं की पांड्या झाई गावात धनेश नावाच्या बागायतदाराच्या वाडीत लागलाय. धनेशने येण्याजाण्याला सायकल दिली, साधी, बिनगिअरची. मी म्हटलं, नऊ वर्षांचं नातं आणि एका डबड्या सायकलीवर गेला? रंभा म्हणाली, "सव्वा महिना तो माणूस नऊ किलोमीटर चालत येत होता. तुम्ही रोज उशीर झाला म्हणून ओरडलात. एकदा तरी विचारलंत, का झाला?"

उत्तर सुचलं होतं. ती आत गेली.

६ जानेवारी २०२५

स्प्रिंग आली. हब बंद केला. उघडताना उजवीकडच्या रिंगवर खूण करायची असते, ते पंधराव्या व्हिडिओत आहे. मी चौदाच पाहिले होते. आता चाक एका बाजूला बसतं आणि घासतं. पहिला गिअर लागत नाही, दुसरा सुटतो. तिसरा अजून भेटलेला नाही.

दिसते मात्र देखणी. प्रदर्शनवाल्यांना सहा फोटो पाठवले.

९ जानेवारी

प्रदर्शनवाल्यांचं उत्तर: मूळ रंग आणि छाप घालवलेल्या सायकली आम्ही घेत नाही. आहे तशी गंजलेली आणली असती तर आनंदाने मांडली असती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तरी बरं, अजून मालकाची पसंती बाकी आहे.

१९ जानेवारी, रविवार

टेम्पोत घालून सायकल पांड्याच्या पाड्यावर नेली. हँडलला झेंडूचा हार. वाटेत चार वाक्यं पाठ केली होती, वारसा वगैरे.

पांड्या ओटीवर बसला होता. त्याची बायको नवशी भात पाखडत होती. धनेशची सायकल कुडाला टेकलेली, कॅरिअरवर गवताचा भारा. मी रज-व्हिटवर्थ उतरवली. उन्हात चमकली. पोरं जमली, पंजाला हात लावून बघू लागली.

पांड्याने चहा सांगितला. मग विचारलं, शेठ, चालते का?

मी मोकळा टप्पा, रिंग, कस्टम असं सांगायला तोंड उघडलं. अडीच महिन्यांत हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला नव्हता.

म्हटलं, नाही.

नवशी सूप न थांबवता म्हणाली, मंग हितं कशाला आणली? आमाला जागा नाय. पांड्या उठला, सायकल टेम्पोत चढवायला त्यानेच हात दिला. नळीला धरून नाही, चाकाला धरून.

आता आमच्या पडवीत उभी आहे.

पांड्याची माफी मागायची राहिली. सायकल चढवल्यावर चहा संपेपर्यंत तो समोरच बसला होता, घाई नव्हती, पोरंही पांगली होती. तरी मागितली नाही. का, ते तासभर लिहायचा प्रयत्न करतोय. कारण सुचत नाही.