तिकीट क्रमांक ११७

१ डिसेंबर
पुणं सोडलं ते बरंच केलं. बीडमधलं हे ऑफिस तीन खोल्यांचं आहे, पण उजेड भरपूर. रविवारी आष्टीला आई-वडिलांकडंही जाता येईल. मालक मोहनरावांनी स्वतः चहा पाजला. कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधणारे प्रेस आमच्या सॉफ्टवेअरवर चालतात. गिऱ्हाइकांच्या तक्रारींची, चुकांची तीनशे बारा तिकिटं नुसती साठून पडली आहेत. ती क्रमानं लावून दोन-दोन आठवड्यांच्या कामात बसवायची, हे माझं काम. मजा येणार!

३ डिसेंबर
कॉम्प्युटरवर कामाचा बोर्ड उभा केला. चार रकाने: करायचं, चालू, तपासणी, झालं. आता रोज सकाळी दहा मिनिटं उभ्यानंच बैठक. जुना प्रोग्रॅमर विजयसिंह म्हणाला, आरतीला उभं केल्यासारखं वाटतं. दुसरी प्रोग्रॅमर सलिमा हसली.
एक तिकीट मात्र बंद करूनही उघडंच दिसलं. ११७: दार उघडं असताना प्रेस खाली येतो. लिहिणारी वनमाला, टेस्टर. दार म्हणजे प्रेसचंच; ते उघडं असलं की प्रेस हलताच कामा नये. विजयसिंहनं ते तीनदा बंद केलंय, शेरा एकच: 'असं होत नाही.' त्यानं आजही तेच सांगितलं. मी बंद केलं.

४ डिसेंबर
११७ पुन्हा उघडं. खाली आजच्या तारखेचा शेरा, वनमालाच्या नावानं: 'पुन्हा तपासा.'
ही कुठं बसते, असं सलिमाला विचारलं. ती मला जिन्यात घेऊन गेली. वनमाला ऑक्टोबरात वारली. कुणी ऐकेना, म्हणून घाटनांदूरच्या एका जिनिंगवर स्वतःच दाखवायला गेली होती. दार उघडं ठेवून आत वाकली, आणि प्रेस खाली आला.
"तिनं खोटं लिवलंच नव्हतं, सर," सलिमा म्हणाली. "आमी नीट वाचलं न्हाई."

८ डिसेंबर
त्या अपघाताच्या तपासणीला सरकारी अधिकारी येणार आहेत. मोहनरावांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, ११७ कायमचं काढा. पोरीचीच चूक होती, असं कागदावर आहे म्हणे. मी आधी नाही म्हणालो. मग ते म्हणाले, पुण्याला परत जायचंय का?
काढलं. इतिहासातून, बॅकअपमधूनही.

९ डिसेंबर
वनमालाची आई आली होती, सुंदरबाई. त्याच जिनिंगवर सरकी वेचते. खुर्ची दिली तरी बसली नाही. मला एवढंच विचारलं,
"साहेब, माझ्या लेकीनं आधी लिवून ठिवलं व्हतं का?"
मी नाही म्हणालो.
तिनं मान हलवली आणि जिना उतरून गेली.

११ डिसेंबर
अधिकाऱ्यांना दाखवायला विजयसिंह जिनिंगवर गेला. वीज बंद होती. वायरसुद्धा काढून ठेवली होती, चौघांनी पाहिलं. त्यानं दारातून हात घातला आणि प्रेस खाली आला. उजवा हात कोपरापर्यंत गेला.
बोर्डावर ११७ परत आलंय. खाली तीन नावं, आमचीच. पहिलं विजयसिंह. ते 'झालं'मध्ये.

१२ डिसेंबर
भर दुपारी मोहनरावांची केबिन आतून बंद. दार फोडलं. खुर्चीतच होते. तोंडात, नाकात, घशात रुई — दाबून, गाठ बांधल्यासारखी. ऑफिसात रुईचा धागाही नसतो.
दुसरं नाव 'झालं'.
सलिमा म्हणाली, सुंदरबाईकडं जाऊन खरं सांगा. उद्या जातो म्हणालो. आजच जायला हवं होतं —

१३ डिसेंबर, सकाळ
माझं नाव 'चालू'मध्ये. लॅपटॉप घ्यायला वर ऑफिसात आलो. घेऊन थेट सुंदरबाईकडंच —
दार उघडत नाही. फोन लागत नाही. खाली रस्त्यावर माणसं आहेत, रिक्षा आहेत, मी ओरडतोय. कुणी वर बघत नाही.

बोर्डावर शेरा आला. 'लिहून ठेवा.'

तिकीट पुन्हा भरायला गेलो. अक्षरं उमटत नाहीत. मग वहीतच —

डोक्यावर घरघर. छत खाली — पंखा वाकला —
ही वही सुंदरबाईंना द्या. वाचून दाखवा.

११७. दार उघडं असताना प्रेस खाली येतो. हे खरं आहे.
शोधलं: वनमाला.
नाकारलं: विजयसिंह.
पुसायला लावलं: मोहनराव.
पुसलं, आणि तिच्या आईशी खोटं बोललं: मी, शहादे—