शंख स्वच्छ केला

४ मार्च
आजपासून शिस्त. आखाताकाठच्या संग्रहालयात मी हंगामी आहे, म्हणजे कपाटं पुसतो. सहायकाची पक्की जागा एक, उमेदवार दोन: मी आणि चष्मा. चष्मा ‘जीवाश्म’ लिहिताना पहिलाच जी ऱ्हस्व काढतो. खरं तर निकाल इथेच लागायला हवा. पण मुख्य बाई म्हणतात, कड्यावरून जो काही चांगलं आणेल त्याचा विचार करू.

५ मार्च
ओहोटीला काळ्या कड्याखाली गेलो. मऊ राखाडी थरातून एक शंख निघाला. बशीएवढा, बोकडाच्या शिंगासारखा गुंडाळलेला, कोट्यवधी वर्षांचा. चष्मा लांबून बघत होता. मी पाठ फिरवली.
घरी भावजी म्हणाले, दगडाला दगड सापडला. ताई हसली. सख्खी बहीण! जागा मिळाली की वेगळी खोली घेणार. दोघांना पत्ता देणार नाही.

७ मार्च
चष्म्याने आपले तुकडे मातीसकट, रद्दी पेपरात गुंडाळून बाईंच्या टेबलावर ठेवले. घाणेरडा. बटाटे आणल्यासारखे आणलेस, असं तोंडावर सांगितलं. तो म्हणे, माती बाईंनी काढायची, आपण नाही. आळशाला कारण पुरतं. माझा शंख चकचकीत जाईल.

८ मार्च
लायब्ररीत जीवाश्मांच्या पुस्तकातलं सफाईचं प्रकरण वाचलं. अर्धंच, पुढे सगळे अपवाद होते. चिकटलेला चुना सौम्य आम्लाने निघतो. ताईकडे व्हिनेगर आहे. आधी शंखाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. पद्धत म्हणजे पद्धत. मग बरणीत बुडवला. लगेच बुडबुडे! घाण सुटू लागली.

९ मार्च
बुडबुडे जोरात. व्हिनेगर बदललं. ताई म्हणते, अरे, तो बारीक होतोय. तिला काय कळतं? सूज उतरावी तशी माती उतरते आहे. भावजींनी बरणीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, चला, घरात कोणीतरी कामाला लागलं. मनात उत्तर दिलं. सडेतोड होतं.

११ मार्च
बुडबुडे थांबले. सफाई पूर्ण. तळाशी राखाडी गाळ. शंख त्याच्या आत असणार.
नंतर: चाळणीने गाळलं. दिसत नाही. उद्या बाई शोधतील, त्यांच्याकडे मोठं भिंग आहे.

१२ मार्च
बाईंना आधी फोटो दाखवले. त्या खुर्चीतून उठल्याच. असा अख्खा या कड्यातून आजवर मिळाला नाही, कुठे आहे, कुठे आहे, असं दोनदा विचारलं. मी बरणी पुढे केली. त्या हळूहळू खाली बसल्या.
“अहो, शंखच चुन्याचा होता. तुम्ही तो विरघळवलात आणि चिखल जपून आणलात!”
काय हा स्वर! मी म्हणालो, पण मॅडम, एकही डाग राहिलेला नाही. चष्मा शेजारी होता. हसला नाही. त्याचाच जास्त राग आला.

१४ मार्च
जागा चष्म्याला. आतलं राजकारण. त्याचं पहिलं फर्मान, तेही गोड आवाजात: तू आता कशाला हात लावू नकोस, दाराशी उभा राहत जा. घरी सांगितलं, विभाग बदलला. भावजी म्हणाले, विभागाने काय पाप केलं होतं?

१५ मार्च
दिवसभर दाराशी. संध्याकाळी एक आजोबा आले. आत बघण्यासारखं काही आहे का हो, म्हणाले.
होतं, म्हणालो.